खालिद जमील यांच्यावरचं ऑनलाइन प्रेम: अडीच महिन्यांत कुठे गेलं?

कॅम्पातला दहा नंबर (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज सविस्तर लिहितो. फुटबॉलचा धागा आहे, मोजकेच लोक येतील, पण येतील ते मॅच बघणारे असतील.

१ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील भारताच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले. सावियो मेदेरांनंतर तब्बल तेरा वर्षांनी त्या जागेवर भारतीय माणूस बसला. त्या दिवशी माझ्या प्रत्येक ग्रुपवर त्यांचेच फोटो. शाळेच्या मित्रांचा ग्रुप, बेळगावच्या लेले मैदानावर सकाळी खेळणाऱ्यांचा ग्रुप, अगदी गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा ग्रुपसुद्धा. महिन्याभरात काफा नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं, मग तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला पेनल्टीवर. तेव्हा आपण क्रमवारीत १३३ वे होतो, ओमान ७९ वा. आपला गोलरक्षक गुरप्रीतने शेवटची पेनल्टी अडवली ती क्लिप रात्रभर फिरत होती.

मग १४ ऑक्टोबर, गोव्यातलं फातोर्डा. सिंगापूर २, भारत १. २०२७ चा आशियाई चषक हातचा गेला. आणि त्याच ग्रुपांवर, त्याच माणसांनी लिहिलं की हा क्लबचाच कोच, देशाचा संघ याला झेपणार नाही. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून १-० हरलो तेव्हा तर कुणी शिव्याही दिल्या नाहीत. कुणाला पडलेलंच नव्हतं. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

माझं म्हणणं असं की हे प्रेम ज्या कारणासाठी असायला हवं होतं त्या कारणासाठी ते नव्हतंच. खालिदसर मोठे आहेत ते ओमानच्या एका रात्रीमुळे नाही. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया असं करत ते खेळले, दुखापतींनी पाय अडवला, २००९ मध्ये खेळणं सोडलं आणि त्याच वर्षी मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. सात हंगाम. त्या क्लबकडे पैसा बेताचा, कधी घरचं मैदान कूपरेज तर कधी पुण्याचं बालेवाडी, मोठे परदेशी खेळाडू परवडायचे नाहीत. दरवर्षी लोक म्हणायचे की यंदा हा संघ खाली जाणार, आणि दरवर्षी संघ टिकायचा. २०१६ मध्ये त्यांना तिथून जावं लागलं. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली आणि नंतर क्लबच बंद झाला.

त्याच हंगामात ते होते ऐजॉलला. हा संघ आदल्या वर्षी आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय क्लब लीगमधून, खाली घसरलेला, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतलेला. खालिदसरांनी मुंबईहून जयेश राणे, आशुतोष मेहता अशी आपल्या हाताखाली तयार झालेली पोरं नेली, स्थानिक मिझो पोरांशी त्यांची सांगड घातली. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी करून ऐजॉल भारताचा विजेता झाला. मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे. ईशान्येतल्या क्लबने लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. त्या रात्रीची क्लिप कुणी मला पाठवली नाही, कारण कुणी बघतच नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं? मनापासून लिहा.

---

फौंड्रीवाला, अनगोळ

दहा नंबर, बरं झालं धागा काढलास गा.

मी उद्यमबागेत कामाला आहे. आमच्या शिफ्टला सहा-सात जण फुटबॉलवाले, कन्नड बोलणारे तीन, बाकी आम्ही. जेवणाच्या सुट्टीत रील बघतोय. खालिदसरांची रील लागली की सगळे थांबतोय. का सांगू? तो माणूस बोलत न्हाई. पत्रकार लांबलचक प्रश्न विचारतोय आणि खालिदसर सांगतात, पोरांनी मेहनत केली, श्रेय पोरांचं, पुढची मॅच अवघड आहे. संपलं. मान खाली. हल्ली कुणाला असं जमतंय सांग. दोन मॅच जिंकलेला गल्लीतला कोच पण तासभर लाईव्ह येतोय.

आम्ही दिवसभर तापलेल्या लोखंडाजवळ काम करणारी माणसं. काम करून गप्प बसणारा माणूस आम्हाला लगेच कळतोय. माझं प्रेम हरल्यावर कमी झालं न्हाई, एवढं लिहून ठेवतो.

---

निपाणीचा स्टॉपर

मी जरा विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर लहानाचा मोठा झालो. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या तिथल्या तालीम संघांची मॅच असली की निपाणीहून पहिली एसटी धरायची. तिथे एक शिकलो, प्रशिक्षक आवडता असला तरी मॅच संपल्यावर त्याला जाब विचारायचा. प्रेम आहे म्हणून जास्तच विचारायचा.

फातोर्ड्याची मॅच परत बघा. चौदाव्या मिनिटाला छांगटेने लांबून काय गोल मारला! घरचं मैदान, १-० पुढे, जिंकायलाच हवं अशी मॅच. त्यानंतर आपण काय केलं? मागे सरकलो. मधल्या पट्ट्यात बॉल धरायला माणूस नाही, बचावातून लांब बॉल पुढे, तो परत आपल्याकडे. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सॉन्ग उई-यंगने बरोबरी केली आणि दुसऱ्या अर्धात त्यानेच दुसरा मारला. दोन्ही वेळा पेनल्टी बॉक्सच्या आसपास तो मोकळा.

खालिद जमील यांची सगळी कारकीर्द लहान संघाला मोठ्या संघासमोर उभं करण्यात गेली. दोन रांगा घट्ट, जागा द्यायची नाही, मिळेल त्या संधीवर गोल. इराणसारख्या संघाला तासभर गोल करू दिला नाही तो याच खेळाने, शेवटी ३-० हरलो ती गोष्ट वेगळी. पण सिंगापूर, बांगलादेश, हाँगकाँग यांच्यासमोर आपणच मोठा संघ असतो. तिथे दार उघडावं लागतं. ते त्यांनी आजवर क्लबमध्येही फारसं दाखवलेलं नाही. कोलकात्यात ईस्ट बंगालला एक हंगाम, मोहन बागानला त्याहून कमी, तिथे लीग मिळाली नाही ती उगीच नाही. त्या क्लबना दर मॅच जिंकायची असते.

ऑनलाइन लोकप्रियतेने हा प्रश्नच झाकला गेला. कुणी विचारलं की दहा जण तुटून पडायचे, "आपला माणूस आहे, पाठीशी राहा." पाठीशी राहूनही विचारता येतं.

---

कॅम्पातला दहा नंबर

स्टॉपरभाऊ, राग कसला, अशाच प्रतिसादासाठी धागा काढला.

मागे सरकण्याबद्दल तुमच्याशी सहमत. पण हिशोब पूर्ण मांडा. आशियाई चषकाच्या या पात्रता फेरीत गटातून एकच संघ पुढे जाणार होता. खालिदसर यायच्या आधीच मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगला जाऊन ०-१. दोन मॅच, एक गुण. त्यांच्या हातात आला तो अर्धा बुडालेला गट. ऑक्टोबरात सिंगापूरला गेलो तेव्हा आपला बचावपटू झिंगनला लाल कार्ड, दहा जण राहिले, तरी नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली.

आणि संघ कुठल्या परिस्थितीत होता तेही बघा. देशातल्या मुख्य क्लब लीगचा, म्हणजे आयएसएलचा, २०२५ चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. पोरांना क्लबचे सामने नाहीत, काहींचे पगार अडकलेले. सामन्यांची सवय सुटलेल्या खेळाडूकडून साठाव्या मिनिटानंतर धावण्याची अपेक्षा कुठला प्रशिक्षक करणार? याबद्दल ग्रुपवर एक शब्द नव्हता. फोटो खालिदसरांचा, म्हणून शिव्याही खालिदसरांना.

---

चोर्ला घाट

मी त्या दिवशी फातोर्ड्यात होतो. बेळगावहून आम्ही मित्र गाडी काढून चोर्ल्याने उतरलो. वाटेत धो धो पाऊस, साखळीला पोचेपर्यंत वाटत होतं मॅच चुकते की काय.

टीव्हीवर दिसत नाही ते सांगतो. आम्ही डगआउटच्या, म्हणजे प्रशिक्षक-राखीव खेळाडूंच्या बाकाच्या, समोरच्या बाजूला होतो. छांगटेचा गोल झाला तेव्हा बाकावरचे सगळे उड्या मारत मैदानाच्या कडेला आले. खालिदसर एकदाच वळले, आणि लगेच दोन्ही हातांनी डाव्या बॅकला खुणावू लागले, मागे ये, मागे ये. गोल होऊन दहा सेकंदही झाले नसतील. मला तेव्हा कौतुक वाटलं. स्टॉपर म्हणतो ते वाचल्यावर वाटतं, मागे सरकण्याची सुरुवात तिथेच झाली असेल कदाचित. पण मला त्या खुणेत भीती दिसली नाही. सवय दिसली. इतकी वर्षं एक गोल जपून ठेवला तरच महिना निघायचा अशा संघांबरोबर काढलेल्या माणसाची सवय.

दुसऱ्या गोलनंतर आमच्या मागच्या रांगेतली पोरं त्यांच्या नावाने ओरडायला लागली, वाईट वाईट. पहिल्या अर्धात हीच पोरं त्यांच्या नावाचा गजर करत होती. ते एकदाही वळले नाहीत. शिट्टी झाल्यावर आधी सिंगापूरच्या प्रशिक्षकाशी हात मिळवला, मग आपल्या एकेका खेळाडूपाशी गेले. जे खाली बसले होते त्यांना हाताला धरून उठवलं.

माझं त्यांच्याकडे लक्ष गेलं ते २०२०-२१ मध्ये. करोनामुळे सगळा आयएसएल गोव्यातच होता, प्रेक्षक नाहीत, आपल्यापासून तीन तासांवर मॅच आणि आपण टीव्हीवर बघतोय. नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामाच्या मध्यावर परदेशी प्रशिक्षकाला काढलं आणि खालिदसरांकडे तात्पुरतं काम दिलं. त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला. भारतीय प्रशिक्षकाने आयएसएलमध्ये तिथवर पोचण्याची पहिली वेळ. तेव्हा ऑनलाइन त्यांचं नाव घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

---

खानापूरच्या बाई

मी खानापूर तालुक्यात शाळेत खेळ शिकवते. धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या आठवी-नववीच्या मुलांना खालिद जमील माहीत आहेत. भारताच्या प्रशिक्षकाचं नाव शाळेतल्या पोरांना ठाऊक असणं हे मी पहिल्यांदाच बघतेय. मधल्या सुट्टीत एकजण हाताची घडी घालून, मान खाली करून मैदानाच्या कडेने येरझाऱ्या घालतो आणि बाकीचे ओरडतात, "खालिदसर, चेंज करा!" मला फार बरं वाटतं ते बघून. याआधी सगळे खेळणाऱ्याचीच नक्कल करायचे. कडेला उभा राहणारा माणूसही महत्त्वाचा असतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पण त्यांना विचारलं की पूर्ण मॅच कुणी बघितली, तर एकही हात वर होत नाही. सगळं ज्ञान अर्ध्या मिनिटाच्या रीलमधलं. बचावफळी कशी सरकते, एक स्टॉपर (मधला बचावपटू) पुढे गेला की दुसरा त्याची जागा कशी भरतो, हे रीलमध्ये येत नाही, आणि खालिद जमील यांचं सगळं काम नेमकं तेच आहे. म्हणून मी शनिवारी शाळेच्या प्रोजेक्टरवर मॅच लावायला सुरुवात केली आहे. ताजिकिस्तानची मॅच दाखवली. सुरुवातीला गडबड, मग दुसऱ्या अर्धात एका मुलीने विचारलं, "बाई, हे सगळे एकदम कसं काय सरकतात?" मॅच थांबवून आम्ही मैदानावर गेलो. लाल चिखल होता, चौघी-चौघींना दोरी धरायला लावली, दोरी सैल पडता कामा नये असं सांगितलं आणि मी बॉल घेऊन इकडून तिकडे पळाले. पंधरा मिनिटांत त्यांना कळलं. पुढच्या आंतरशालेय सामन्यात त्या मुली एकमेकींना "दोरी, दोरी" असं ओरडत होत्या.

मला एक विचारायचंय. आमच्याकडे एक मुलगा आहे, चांगला खेळायचा, गुडघा गेला. आता माझ्याबरोबर लहान मुलांना शिकवतो. खालिद जमील यांचं बघून म्हणतो, मला प्रशिक्षक व्हायचंय. त्याने सुरुवात कुठून करावी?

---

चिकोडी एक्सप्रेस

क्रिकेटसमोर फुटबॉलला कोण विचारतो. धागा उगाच लांबतोय.

---

फौंड्रीवाला, अनगोळ

चिकोडीदादा, मग वाचू नकोस की. बाईंनी किती चांगलं लिहिलंय ते तरी बघ.

बाई, दोरीची कल्पना आमच्या पोरांवर करून बघतो. आमच्याकडे दोरी न्हाई, जुन्या पट्ट्याचे तुकडे आहेत, चालतील.

---

निपाणीचा स्टॉपर

बाईंना आधी नमस्कार.

प्रशिक्षणाची शिडी अशी: डी लायसन्स, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी चा कोर्स थोड्या दिवसांचा असतो, वय अठरा पूर्ण लागतं, राज्य संघटनेमार्फत अर्ज करायचा. दोन पायऱ्यांमध्ये थांबून प्रत्यक्ष संघ हाताळावा लागतो, लगेच वर चढता येत नाही. खालिद जमील यांच्याकडे प्रो आहे, म्हणूनच आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षक होता आलं.

आपल्या भागाची अडचण निराळी. आपण कर्नाटकात, म्हणजे कोर्स बहुधा बेंगळुरूला. पाचशे किलोमीटर. कोल्हापूर शंभर-सव्वाशेवर आणि गोवाही तितकाच, पण नोंदणी तिकडची नाही. निवड चाचणीचंही तेच. कर्नाटकाने मार्च २०२३ मध्ये रियाधला मेघालयाला ३-२ हरवून ५४ वर्षांनी संतोष ट्रॉफी ही राज्य संघांची स्पर्धा जिंकली, आपण सगळे खूश झालो, मीही पेढे वाटले. पण आपली किती पोरं चाचणीपर्यंत पोचतात? रात्रीची गाडी, सकाळी उतरून तसंच मैदानात, संध्याकाळी परत. त्यात आईबापाचा दोन दिवसांचा रोज बुडतो. हे मराठी-कन्नड दोघांच्याही पोरांना सारखंच भोगावं लागतं, म्हणून इथे सीमाप्रश्न काढू नका, ही विनंती.

लोकप्रियतेबद्दल आणखी एक. खालिद जमील यांना मिळतंय त्याचा पाव हिस्सा तरी बाकीच्यांना मिळायला हवा. गोव्याच्या आर्मांदो कोलासोंनी धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेता केलं. क्लिफर्ड मिरांडाने २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. हे सगळे आपल्या शेजारचे आहेत, कोकणी-मराठी बोलणारे. आपल्या ग्रुपवर त्यांचा एकही फोटो मी पाहिलेला नाही.

---

चोर्ला घाट

सहमत, क्लिफर्ड तर फातोर्ड्यात मी खेळतानाही पाहिलेला माणूस.

पण खालिदसरांच्या लोकप्रियतेमागे एक कारण आहे ते स्टॉपरने धरलं नाही. जमशेदपूर. खालिदसर आले तेव्हा तो संघ तळाशी घुटमळत होता. पुढच्या पूर्ण हंगामात, २०२४-२५ मध्ये, पाचवा आला, प्ले-ऑफ जिंकला, उपांत्य फेरीत मोहन बागानला घरी २-१ हरवलं. कोलकात्यात भरपाई वेळेत, चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला बागानच्या अपुइयाचा गोल बसला आणि संपलं. मग सुपर कपच्या अंतिम फेरीत गोव्याकडून ३-० हार. ट्रॉफी एकही नाही. तरी भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार लागोपाठ दोनदा त्यांनाच. लोकांनी त्या हंगामात त्यांना आठवडा-आठवडा बघितलं. ते प्रेम रीलमधून आलेलं नाही. ते लोक अजूनही त्यांच्या बाजूने लिहितात, फक्त त्यांचा आवाज कमी पडतो.

---

कॅम्पातला दहा नंबर

बाई, त्या मुलाबद्दल. आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये एक अण्णा आहेत, बी लायसन्सवाले. नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. कारखान्यातून निवृत्त झाले, पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असतात, पावसाळ्यातही. प्लास्टिकच्या बाटल्यांत वाळू भरून कोन म्हणून लावतात. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडी स्पर्धेत खेळली, काही गोव्याच्या क्लबांपर्यंत गेली. अण्णांचा फोटोही कुठे सापडणार नाही. मी त्यांना विचारलं, ते म्हणाले, पोराला डी च्या अर्जाआधी महिनाभर माझ्याकडे पाठवा, लहान मुलांचं सत्र कसं आखायचं ते दाखवतो. राहायची सोय कॅम्पात माझ्या मावशीकडे होईल, जेवणखाणाची काळजी नको. प्रवासाचा आणि कोर्सच्या फीचा खर्च आपण इथले मिळून उचलू. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नंबर टाकू नका.

स्टॉपरभाऊ, तुमचा मुख्य मुद्दा मी टाळत नाही. बरोबरीच्या संघासमोर दार उघडायचं कसं, याचं उत्तर खालिदसरांना द्यावंच लागेल. माझी मागणी एवढीच की त्यांना ते शोधायला वेळ द्या, आणि पुढची मॅच पूर्ण बघून मग लिहा.

---

निपाणीचा स्टॉपर

वेळ द्यायला तयार आहे. पण मधल्या पट्ट्यात बॉल धरणारा खेळाडू घेतला नाही, तर पुढच्या मॅचनंतरही इथे येऊन हेच लिहीन.

फीचा माझा वाटा धरा. आणि त्या पोराला सांगा, महिन्यात एक रविवार निपाणीला पण यायचं, आमच्याकडे बारा वर्षांखालची पोरं आहेत आणि शिकवायला कुणी नाही.

---

खानापूरच्या बाई

त्याला आत्ताच फोन केला. सोमवारच्या सकाळच्या लोंढा-बेळगाव गाडीने येतो म्हणाला. अण्णांना सांगाल ना, गुडघ्यामुळे तो पळू शकत नाही, पण आवाज खणखणीत आहे.

---

फौंड्रीवाला, अनगोळ

स्टेशनवर मी जातो न्यायला. सोमवारी माझी दुसरी शिफ्ट आहे.